रुईचे सगेसोयरे

करवंदं खाताना ओठांना चिकटणारा चीक आणि रुईचं पान खुडल्यावर देठातून टपटप गळणारा चीक एकाच घरचा आहे, असं मी कॉलेजात पेपरात लिहिलं असतं तर बाईंनी सरळ मार्क कापले असते. आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. तेव्हा करवंद कण्हेरीच्या कुळात, म्हणजे अ‍ॅपोसायनेसीत होतं. रुईचं कूळ वेगळं, अ‍ॅस्क्लेपिएडेसी. ‘दोन कुळांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न तर हमखास यायचा आणि आम्ही तो घोकून जायचो. आता तो प्रश्नच निकालात निघाला आहे. डीएनएचा आधार घेऊन सपुष्प वनस्पतींची जी नवी मांडणी १९९८ साली झाली, तिच्यात रुईचं कूळ कण्हेरीच्या कुळात विलीन झालं. स्वतंत्र कुळाचं ते आता उपकुळ आहे. थोरलं घर जुनं, म्हणून नाव त्याचं राहिलं.

त्यामुळे रुईची सोयरीक एकदम केवढी वाढली! देवचाफा, तगर, सदाफुली, बिट्टी, सातवीण, कुडा, करवंद ही सगळी आता तिची भावकी. तसं पाहिलं तर नात्याच्या खुणा डोळ्यांसमोरच होत्या. मोडलं की चीक येतो. अनेकांना जोडीनं शेंगा धरतात. कुड्याची लांब जोडशेंग उकलली की आतल्या बीला तसाच रेशमी झुबका असतो, जसा रुईच्या म्हातारीला. लहानपणी आम्ही सावरीच्या कापसालाही म्हातारीच म्हणायचो, पण ती वेगळी. सावरीचा कापूस फळाच्या सालीला आतून फुटतो, बी त्यात नुसतं गुरफटलेलं असतं. रुईचा झुबका थेट बीच्या टोकाला असतो, म्हणून वारा प्रत्येक बी स्वतंत्र उचलून नेतो.

मग इतकं साम्य असताना वाटण्या झाल्याच का? त्या केल्या रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश माणसानं, १८१० साली. पेशीतल्या केंद्रकाला ‘न्यूक्लियस’ हे नाव देणारा आणि ब्राउनियन गतीमुळे विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा तोच हा ब्राउन. लिनियसनं १७५३ मध्ये आपल्या रुईला अस्क्लेपियस या प्रजातीत (म्हणजे ‘जीनस’मध्ये) टाकलं होतं. आपल्याकडे ओढ्याकाठी लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू दिसतं ना, मूळचं अमेरिकेतलं, ते आजही त्याच प्रजातीत आहे. ब्राउननं रुईला तिथून काढून कॅलोट्रोपिस ही निराळी प्रजाती दिली आणि अख्ख्या गटालाच कण्हेरीपासून वेगळं केलं. त्याचं कारण समजायला रुईचं फूल हातात घ्यावं लागतं.

रुई आपण इतकी पाहिलेली असते की तिच्याकडे बघतच नाही. शनिवारी मारुतीला माळ, रथसप्तमीला डोक्यावर सात पानं ठेवून आंघोळ, गुडघा सुजला की तेल लावून गरम केलेलं पान बांधायचं, पायात काटा मोडला की चीक लावायचा. पोरांना कळ्या फोडायला आवडतात, कारण फुगीर कळी चिमटीत दाबली की फट्ट वाजते. पण उमललेल्या फुलाकडे निरखून कुणी पाहत नाही. पाच जाड, मेणचट, फिकट जांभळ्या पाकळ्या पसरून खाली वळलेल्या. मध्ये एक मुकुट उभा. मुकुटाच्या माथ्यावर सपाट पंचकोनी चकती. या फुलात पुंकेसर शोधायला जाल तर सापडायचे नाहीत, कारण ते स्त्रीकेसराच्या माथ्याला चिकटून एकजीव झालेले आहेत. ती चकती म्हणजे हीच जोडणी.

आता भिंग घ्या. पंचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात मोहरीहूनही बारीक असा एक काळपट ठिपका दिसेल आणि त्याच्याखाली एक उभी फट. त्या फटीत खालून सुईचं टोक सरकवून हलकेच वर ओढलं की ठिपका सुईला धरून बाहेर येतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक दांड्यांवर दोन चपट्या पिवळ्या पिशव्या लोंबत असतात. पराग म्हणजे भुकटी, बोटाला लागणारी, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे भुकटी नाहीच. परागकोशाच्या एकेका कप्प्यातला सगळा माल मेणात बांधून पिशवी केलेली आहे आणि काळा ठिपका हा तिचा चिमटा आहे. गंमत म्हणजे एका चिमट्याच्या दोन पिशव्या एकाच परागकोशातल्या नसतात. डावी डावीकडच्या शेजाऱ्याची, उजवी उजवीकडच्या. पाच कोपरे, पाच चिमटे, दहा पिशव्या.

हे काम भुंग्याचं, लाकूड पोखरणाऱ्या त्या जाडजूड काळ्या भुंग्याचं. मधासाठी तो मुकुटाला लोंबकळतो, पाय फटीत घसरतो, वर ओढताना केसाला चिमटा बसतो आणि पिशव्यांची जोडी घेऊनच तो उडतो. पुढच्या फुलावर पुन्हा पाय घसरला की पिशवी फटीतून आत जाते आणि तुटून तिथेच राहते. जमलं तर एकाच खेपेत शेंगभर बियांची सोय, नाही तर काहीच नाही. एवढी मोठी झुडपं फुलांनी लगडलेली असतात आणि शेंगा मात्र मोजक्याच दिसतात, ते मला आता नवलाचं वाटत नाही. परागाच्या पिशव्या बांधणारा असा दुसरा मोठा गट म्हणजे ऑर्किड, आणि त्यांचा रुईशी जवळचा काही संबंध नाही. ब्राउन या दोन्ही गटांच्या मागे लागला होता. असलं यंत्र पाहिल्यावर त्यानं स्वतंत्र कूळ मांडलं नसतं तरच आश्चर्य.

मग १९९८ मध्ये बिनसलं कुठे? कण्हेरीचं फूल उभं चिरून बघा. परागकोश तिथेही स्त्रीकेसराच्या माथ्याला चिकटलेले आहेत, फक्त पराग सुटा आहे. उपळसरी ज्या गटात मोडते, त्यातल्या बऱ्याच वेलींत परागकण चार-चारच्या पुंजक्यांत असतात आणि चमच्यासारख्या एका अवयवावर सांडतात. त्यापुढे रुईचा चिमटा. खरी वंशावळ इतकी सरळ नाही, मधे फाटे आहेत. पण रुईचं यंत्र आकाशातून पडलेलं नाही एवढं यातून कळतं. ती कण्हेरीच्याच झाडाची एक फांदी. फांदी वेगळी काढली तर उरलेलं कूळ अर्धवट राहतं, असा नव्या मंडळींचा मुद्दा, आणि मला तो पटतो. ‘रुईचं कूळ’ हा शब्द मात्र मी सोडलेला नाही. फुलात चिमटा दिसला की तेच तोंडात येतं.

कूळ बदललं तरी रुईचं रुईच चालतं. हाल होतात ते तिच्याच कुळातल्या शिंदळमाकुडीचे. जुन्नर-शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर अशा ठिकाणी कड्यांवर वाढणारी ही मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रातली. किरमिजी, चांदणीच्या आकाराच्या फुलांवर पिवळे ठिपके, परागीभवन माश्यांकडे. १८६० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलनं तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. प्रजाती निराळी, कारण तिच्या माकडशिंगासारख्या नातलगांनी पानं जवळपास सोडून दिली आहेत आणि हिला पावसाळ्यात चांगली रुंद पानं येतात. नंतरच्यांनी म्हटलं, पानांचं एवढं काय, आणि तिला कॅरालुमा या प्रजातीत घातलं. मग ती बाउसेरोशियात गेली. २०१७ मध्ये काहींनी ती सगळी भावकीच सेरोपेजियात, आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत, सामील करून टाकली. कंदीलपुष्पं जमवणाऱ्यांना हे रुचलेलं नाही, आणि इथे मीही त्यांच्या बाजूचा आहे. माशीला केसाळ नळीत कोंडून केस सुकल्यावर सोडणारा तो कंदील आणि ही उघडी चांदणी एकाच नावाखाली ठेवली तर नावाचा उपयोग काय राहिला? डीएनए काहीही म्हणो, कास पठारावर उभं राहून समोरच्याला काय दाखवायचं, हाही प्रश्न असतोच.

तेव्हा शिंदळमाकुडीची माहिती काढायला बसलात तर चारही नावं कागदावर लिहून ठेवा. जुने नमुने एका नावाखाली असतात, बागेतली पाटी दुसरं सांगते आणि नवा शोधनिबंध तिसरंच. आणि रुईवर सुईचा प्रयोग करणार असाल तर डोळे चोळू नका. चीक बुबुळाला इजा करतो. बोटांचा चिकटा साबणानं पटकन जात नाही. देवळाबाहेर माळा विकणाऱ्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. रोजचंच हाय आमचं.’’