दारावरचे शरदाचे कडे

मराठीत पुष्पचक्र म्हटले की श्रद्धांजलीच आठवते, म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या दारावर दर ऑक्टोबरमध्ये सुकलेल्या फुलांचे जे वर्तुळ लागते, त्याला मी कडे म्हणते.

तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते. स्ट्रॉफ्लॉवर हे कागदी पाकळ्यांचे फूल खुडल्यावरही उमलत राहते, त्यामुळे बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडलेल्या आणि मधला भाग मिटलेला असतानाच ते घ्यावे लागते; पहिल्या वर्षी मी पूर्ण उमललेली फुले घेतली आणि वाळल्यावर त्यांचा पिवळा गाभा तपकिरी पडून भुरभुरत खाली आला. कोंबड्याची फुले आणि स्टॅटिसची बारीक, कागदी फुले यांच्या जुड्या माळ्यावर अंधारात, हवेशीर जागी उलट्या टांगल्या की साधारण 2 ते 3 आठवड्यांत, रंग फारसा न उडता वाळतात. जुडीला रबरबँडच लावावा, कारण देठ आकसले की सुतळी सैल पडते. हायड्रेंजिया मात्र झाडावरच कागदासारखी होऊ द्यावी.

सांगाडा कुंपणावरच्या रानद्राक्षाच्या वेलांचा असतो. ताज्या, लवचीक वेलांचे चार-पाच वेढे एकमेकांत गुंफले की तारेशिवायही वर्तुळ टिकते. त्यावर लहान जुड्या बारीक तारेने एकाच दिशेने बांधत जायच्या, म्हणजे पुढच्या जुडीची फुले मागच्या जुडीचे देठ झाकतात. एक तृतीयांश वेल मी उघडाच ठेवते, कारण त्याच्या पिळदार सालीचे सौंदर्य झाकावेसे मला वाटत नाही.

कोकणात आई दसऱ्याला भाताच्या लोंब्यांचे ‘नवे’, म्हणजे नव्या पिकाची जुडी, दारावर बांधते. यंदा मी कड्याच्या डाव्या बाजूला गव्हाच्या ओंब्या खोवल्या आहेत.