मोठ्या आईचा हातचा

मे संपत आला असताना नागपुरात भरदुपारी लाइन गेली की अख्खं घर एकाच खोलीत गोळा होतं. कूलर थांबतो, वाळ्याचा वास थोडा वेळ रेंगाळतो, मग नुसतं गदमदायला लागतं. नवतप्यातली अशीच एक दुपार होती. पोरांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली, पन्हंही संपलेलं. म्हणून मी माझी एकुलती एक विद्या बाहेर काढली. म्हटलं, मी मनातलं ओळखतो.

पुतण्या लगेच पुढे सरसावला. त्याला म्हटलं, चार आकडी संख्या लिही, मला दाखवू नको. त्यातल्या आकड्यांची बेरीज कर आणि ती त्याच संख्येतून वजा कर. जे उरेल त्यातला एक आकडा खोड, शून्य सोडून कोणताही, आणि बाकीच्यांची बेरीज तेवढी मला सांग.

"पंधरा," तो म्हणाला.

मी डोळे मिटले, कपाळावर दोन बोटं टेकवली (हे जमलं पाहिजे, गणित काय कोणालाही जमतं) आणि म्हटलं, "तू 3 खोडलास." पोरगं गारच पडलं, तेही त्या उकाड्यात.

त्याची संख्या होती 7352. बेरीज 17, वजा केल्यावर 7335. हजारातून एक काढला की 999 उरतात, शंभरातून काढला की 99, दहातून 9. त्यामुळे कोणत्याही संख्येतून तिच्या आकड्यांची बेरीज वजा केली की उरेल त्याला 9 ने भाग जातोच, आणि त्याच्या आकड्यांच्या बेरजेलाही. पंधराच्या पुढचा नवाच्या पाढ्यातला आकडा 18, म्हणजे तीन कमी. शून्याला बंदी कशासाठी? खोडलेलं शून्य आणि खोडलेला 9 यांतला फरक मला कळत नाही. हे अर्थात पोरांना सांगायचं नसतं.

तिसऱ्या पोराच्या वेळेला मोठी आई डाळ निवडता निवडता म्हणाली, "माहं वळख." कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं बराच वेळ काहीतरी खरडून तिनं बेरीज सांगितली, चौदा. कपाळावर बोटं ठेवून मी म्हटलं, "4."

"नाही. पाच."

पोरं खिदळली. मी कागद मागवला. 5243 मधून 14 वजा करून तिनं 5239 लिहिले होते. शेजारून दहा उसने घेतले आणि ते परत करायचे राहून गेले. बरोबर उत्तर 5229. मी हे अगदी विजयानं दाखवून दिलं.

"काहून रे," ती शांतपणे म्हणाली, "तुले मनातलं समजते न? मंग माही वजाबाकी चुकली, हे काहून नाही समजलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 चा खेळ तर याहून भारी. चार आकडी संख्येतले आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत राहायचं. चारही आकडे सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येतोच. पण सात फेऱ्या म्हणजे मोठ्या आईला हातचा विसरायच्या सात संधी. मी तो विषयच काढला नाही.

इतका वेळ खाटेवर पडून असलेले मोठे बाबा तेवढ्यात बोलले. इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानात त्यांनी उभा जन्म वह्या लिहिल्या. "यात जादू कायची? रोकड जुळली नाही अन् फरकाले नवानं भाग गेला, तं समजाचं आकडे उलटे पडले. 63 च्या जागी 36. सत्ताविसाचा फरक. आमचा मालक रात्री नऊ वाजता हेच हुडकाले लावे." एवढं बोलून ते कुशीवर वळले. माझ्या विद्येची किंमत तिथेच उतरली.

लाइन आली. कूलर धडधडला, पोरं त्याच्यापुढे पसरली. मोठ्या आईनं मात्र कॅलेंडर सोडलं नव्हतं. वजाबाकी पुन्हा केली, या वेळी हातचा परत केला, कागद पदराखाली झाकला आणि म्हणाली, "आता सांग. सोळा."

"दोन," मी म्हटलं. कपाळाला बोटंसुद्धा लावली नाहीत.

तिनं पदर थोडा उचलून कागदावरच्या 5229 कडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनता दोन? पहिला का दुसरा?"