ऑफिशियल व्हिजिट आणि बाबाचं तोंड

लेकीला पोहण्याच्या टीममध्ये घ्यायचं म्हणून एका अमेरिकन कॉलेजने बघायला बोलावलं होतं. त्या पहिल्या ऑफिशियल व्हिजिटहून परत येताना ती विमानात माझ्याशी अक्षरही बोलली नाही, आणि न्यूअर्कला बॅग उचलताना एवढंच म्हणाली, "बाबा, कोच मला विचारत होती, तुला नाही." खरंय. सध्या कशावर काम चाललंय असं कोचने तिला विचारलं तर २०० ब्रेस्टस्ट्रोकचं टायमिंग सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मीच सांगून मोकळा झालो, मेजर (म्हणजे मुख्य विषय) काय घ्यायचाय तेही मीच. पाहुण्यांनी पोराला मार्क विचारले की आईबाप उत्तर देतात ना, तस्संच.

पुण्यात माझ्या आईला हे प्रकरण अजून झेपलेलं नाही. पोहण्यावर कॉलेजात घेतात? मी टिळक तलावावर पाठीला डबा बांधून शिकलो, त्यापलीकडे आमच्या घरात पोहण्याचा काही उपयोग झालेला नाही. तर थोडक्यात सांगतो. अनऑफिशियल व्हिजिट म्हणजे आपल्या खर्चाने जाऊन बघून यायचं. ऑफिशियल म्हणजे कॉलेजच्या खर्चाने, दोन रात्री, पोरगी टीममधल्या मुलींबरोबर डॉर्मवर, म्हणजे हॉस्टेलवर, राहणार. डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज स्पर्धांच्या सगळ्यात वरच्या गटात, पोहण्यात ही व्हिजिट अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून घेता येते. पूर्वी एकूण पाचच मिळायच्या, २०२३ पासून ती मर्यादा गेली, पण एका कॉलेजची सहसा एकदाच. म्हणजे तिथे काय बघायचं हे घरून ठरवून जायला हवं, नाहीतर टीमचा टीशर्ट घालून फोटो, फुटबॉलची मॅच, छान जेवण, आणि पोरगी भारावून घरी.

दुसऱ्या व्हिजिटच्या आधी आम्ही अभ्यास केला. टीमच्या वेबसाइटवर रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, असतं, मागच्या वर्षांचीही सापडतात, ती शेजारी शेजारी ठेवून बघा की फ्रेशमन म्हणून (पहिल्या वर्षाला) आलेल्या मुलींपैकी ज्युनियर (तिसऱ्या) वर्षापर्यंत किती टिकल्या, ब्रेस्टस्ट्रोकवाल्या कोण यंदा ग्रॅज्युएट होतायत, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येकीचा मेजरही लिहिलेला असतो. लेकीला इंजिनियरिंग करायचंय. अख्ख्या टीममध्ये इंजिनियरिंगवाली एकच निघाली. अ‍ॅडव्हायझर मात्र हसून सांगत होते की हो हो, आमचे अ‍ॅथलीट सगळे मेजर घेतात! मग रात्री लेकीने त्या एकटीलाच गाठलं. ती म्हणाली की गुरुवारी दुपारी लॅब असते, टीमची प्रॅक्टिस बुडते, म्हणून ती पहाटे साडेपाचला असिस्टंट कोचबरोबर एकटीच पोहते. जमतं, पण गुरुवार आवडत नाही. हे ब्रोशरमध्ये कुठे मिळणार?

प्रॅक्टिसच्या तासांचंही तसंच. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, पण प्रवास आणि फिजिओ त्यात धरत नाहीत, आणि मीट (स्पर्धा) सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली तरी हिशेबात ३ तासच. त्यामुळे कोचला तास विचारू नका, फ्रेशमन मुलीला विचारा की 'ऑप्शनल' प्रॅक्टिसला शेवटची दांडी कधी मारलीस. ती किती वेळ हसते त्यावरून कळतं.

सगळ्यात कामाची माहिती मात्र कडेच्या लेनमधून आली. प्रॅक्टिस बघताना सगळे फास्ट लेनकडे बघतात, लेकीने बघितलं की शेवटच्या लेनमध्ये एकजण नुसतेच पाय मारतेय, खांदा दुखावलेला. जेवताना मुद्दाम तिच्याशेजारी बसली. स्कॉलरशिप राहिली का, तर राहिली. कोच विचारपूस करते का, तर रोज करते. पण टीम बाहेरगावी मीटला गेली की तू काय करतेस यावर ती पोरगी जरा थांबली आणि म्हणाली, डॉर्मवर असते, लाँड्री करते. लेकीने हे मला हॉटेलात येऊन सांगितलं आणि पुढे काहीच बोलली नाही, मीही नाही बोललो (प्रगती आहे).

तोवर मी काय केलं, तर डॉर्मपासून स्विमिंग पूल आणि तिथून इंजिनियरिंगची बिल्डिंग घड्याळ लावून चालत गेलो. बावीस मिनिटं, मध्ये चांगला चढ. जानेवारीत पहाटे अंधारात तिला हेच चालायचंय. आईबापांना हे काम उत्तम, कोणाच्या मध्ये येत नाही आपण.

रविवारी सकाळी कोचच्या केबिनमध्ये खरं बोलणं होतं. कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ ला झालेल्या सेटलमेंटनंतर (तडजोडीनंतर) गणित बदललंय, आधी मुलींच्या टीमला १४ स्कॉलरशिपची मर्यादा होती पण पोरी कितीही ठेवता यायच्या, आता जी कॉलेजं त्यात सामील झाली तिथे स्कॉलरशिपवर ती मर्यादा नाही पण रोस्टरच ३० वर अडलंय, म्हणजे घेऊन ठेवू, बघू पुढे, असली पोरगी आता बसत नाही. म्हणून लेकीने सरळ विचारलं, ३० मध्ये मी कितवी? कोचला प्रश्न आवडला असावा, उत्तर तरी सरळ दिलं. मग स्कॉलरशिपचे टक्के सांगितले आणि म्हणाली मंगळवारपर्यंत कळव. टक्के कशाचे, नुसत्या ट्युशनचे की राहण्याजेवणासकट, एका वर्षाचे की चार, हे मी विचारलं, तेवढी मला परवानगी होती. मंगळवारचं उत्तर ती घरून पाठ करून आली होती, की अजून एक व्हिजिट ठरलीय, ती झाल्यावर सांगते. मी खुर्चीत चुळबुळ करत होतो, हातचं जाईल की काय म्हणून. कोच म्हणाली ठीक आहे, दोन आठवडे. तोंडी होकार तसाही कोणालाच बांधत नाही, पण ते केबिनमध्ये बसलेलं असताना आठवत नाही हो.

पुढची व्हिजिट ऑक्टोबरात. यावेळी बायको जाणार आहे, मला घड्याळ तिच्याकडे द्यायला सांगितलंय.