आदल्या रात्री लावलेला फ्रेंच टोस्ट

रविवार, दुपार

तव्यावर एका वेळी फ्रेंच टोस्टचे दोनच तुकडे मावतात आणि घरात माणसं नऊ. करणारीची सकाळ गॅसपाशीच जाते. ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, बॉस्टनहून न्यू जर्सीला क्वचित येतात. त्यांच्याशी सकाळच्या चहाला ज्या गप्पा होतात, त्या नंतर दिवसभर जमत नाहीत. त्या मला सोडायच्या नव्हत्या, म्हणून सगळं काल रात्रीच लावून फ्रीजमध्ये ठेवलं.

ब्रेड शुक्रवारीच आणला होता. ज्यू लोकांचा, वेणी घातलेला, अंड्याचा हाला ब्रेड, साधारण 450 ग्रॅमचा. इंचभराचे तुकडे करून ओव्हनमध्ये 150 अंशांवर दहा-बारा मिनिटं वाळवले. ताजा, मऊ ब्रेड घेतला तर दूध नीट शोषलं जात नाही, सगळा गिचका होतो. मग 8 अंडी, तीन कप दूध, थोडं क्रीम, अर्धा कप साखर, चिमूटभर मीठ, दालचिनी आणि आपली वेलची. साबुदाणा भिजवताना असतो तसाच इथे हाताचा अंदाज लागतो: तुकडे दाबले की खालून दूध वर यावं, पण ते तरंगता कामा नयेत.

फळ ब्लूबेरीच. जुलैत इथे ती भरपूर येते, आणि ती मुळात इथलीच. पूर्वी ती रानातून वेचून आणत. इथल्याच व्हाइट्सबॉग गावात एलिझाबेथ व्हाइट यांनी फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर काम करून ती शेतात आणली, आणि 1916 साली पहिला माल बाजारात गेला. सर्वांत टपोऱ्या बेरीचं झुडूप रानातून शोधून देणाऱ्याला एलिझाबेथबाई पैसे देत आणि झुडपाला त्याचं नाव देत. मला ही गोष्ट फार आवडते. शोधणाऱ्याची आठवण ठेवणारी माणसं कमीच.

निम्मी बेरी रात्री ब्रेडमध्ये मिसळली, निम्मी सकाळी वरून पेरली. स्ट्रॉबेरीला बेक करताना पाणी सुटतं, ती कापून बाजूलाच ठेवावी. कच्चा अननस तर रात्रभर दुधात नकोच, दूध कडवट होतं. लोणी, ब्राउन शुगर, मैदा आणि ओट्सचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवला. तो रात्रीच घातला असता तर सकाळी कुरकुरीत राहिला नसता.

काचेचं भांडं फ्रीजमधून काढून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, तडकतं. अर्धा तास ओट्यावर राहू दिलं. मग 175 अंशांवर अर्धा तास फॉइल झाकून आणि पंचवीस मिनिटं उघडं. मध्यभाग हलवून पाहिला तर डुचमळत नव्हता.

या सगळ्या वेळात आम्ही मागच्या अंगणात चहा घेत होतो. सांगलीच्या घराचं काय करायचं, हा विषय फोनवर नेहमी अर्धाच राहतो. आज ताई सलग बोलल्या. घर विकायचं त्यांच्या जिवावर येतंय, हे मला आजच नीट कळलं. मध्ये एकदाही "थांबा हं, टोस्ट उलटून येते" म्हणावं लागलं नाही.

सासूबाईंचं मला सगळ्यांत बरं वाटलं. त्यांचं सगळं आयुष्य बाकीच्यांना गरम पोळ्या वाढण्यात गेलं. आज त्या लेकीशेजारी बसल्या आणि पहिला तुकडा त्यांच्याच ताटात गेला. कडेचा, चांगला खरपूस झालेला.

"वेलची छान लागतेय गं. साखर जरा कमी कर," म्हणाल्या. बरोबर आहे. बेरी गोड असली की पाव कप पुरे. ऑगस्टमध्ये पीच घालून करेन तेव्हा तसंच करते. ताईंनी तेव्हा परत यायचं कबूल केलंय.