डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट प्रोसेसर खातो तेव्हा : माझा अनुभव

कॉम्प्युटरवर काही उघडलेलं नसताना प्रोसेसर चढलेला दिसला, तर आधी दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. विंडोज सुरू झाल्यावर अपडेटची जुळवाजुळव, सर्चचं इंडेक्सिंग, डिफेंडरची तपासणी ही कामं एकदम निघतात आणि आपली आपण उरकतात. टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या खिडकीत) ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ सगळ्यात वर दिसत असेल, तर अपडेटचं काम चालू आहे. त्याला अर्ध्यात मारू नका. माझ्या घरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर मात्र बराच वेळ गेला तरी आकडा १२-१३ टक्क्यांच्या खाली येईना.

हा आकडाच पहिला धागा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅबमध्ये लॉजिकल प्रोसेसर (एका वेळी एकेक काम उचलणारे प्रोसेसरचे भाग) किती ते दिलेलं असतं. माझ्याकडे ८. शंभराला आठाने भागलं की १२.५ येतात, म्हणजे कुठेतरी साधारण एका थ्रेडइतकं, म्हणजे एका लॉजिकल प्रोसेसरला पुरेल इतकं, काम न थांबता चाललंय. लॉजिकल प्रोसेसर ४ असतील, तर हेच दुखणं २५ टक्के दिसेल. विंडोजच्या काही आवृत्त्यांत टर्बो वेगामुळे (प्रोसेसर नेहमीपेक्षा जोरात पळाल्यामुळे) टास्क मॅनेजर थोडं जास्तही दाखवतो, त्यामुळे दशांशावर अडून बसू नका.

प्रोसेसेस टॅबमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. सगळ्यात वर ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’, त्याखाली ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’ची (डब्ल्यूएमआय म्हणजे हेच) सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, आणि दोघांची बेरीज साधारण एका लॉजिकल प्रोसेसरएवढी. लोक इथे एंड टास्क करतात. प्रोव्हायडर होस्ट काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो, कारण तो नुसता हमाल आहे. माल दुसऱ्याचाच असतो. तापमान किती, बॅटरी किती, कुठले प्रोग्रॅम चालू आहेत, असले प्रश्न इतर सॉफ्टवेअर त्याला विचारतात आणि तो उत्तरं आणून देतो. प्रश्न विचारणारा थांबला नाही, तर हाही थांबत नाही.

विचारणारा कोण, याची नोंद विंडोजकडेच असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी, ऑपरेशनल असं आत जा. तिथे ५८५८ क्रमांकाच्या लाल खुणेच्या नोंदी बघा. एखाददुसरी नोंद निरोगी कॉम्प्युटरवरही असते. एकाच मजकुराची रांग लागली असेल, तर मात्र संशय घ्या. नोंदीच्या मजकुरात ‘क्लायंट प्रोसेस आयडी’समोर एक संख्या असते आणि ‘ऑपरेशन’समोर नेमका प्रश्न. ती संख्या घेऊन टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये पीआयडीच्या (प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला विंडोज देते त्या क्रमांकाच्या) रकान्यात शोधा. नाव ‘svchost.exe’ (सर्व्हिस होस्ट) निघालं, तर सर्व्हिसेस टॅबमध्ये तोच पीआयडी बघा. हे सगळं कॉम्प्युटर रीस्टार्ट न करता करायचं, कारण पीआयडी दर वेळी बदलतात आणि कालच्या नोंदीतली संख्या आज भलत्याच प्रोग्रॅमची असू शकते.

५८५८ ही अयशस्वी प्रश्नांची नोंद आहे. प्रश्न सुरळीत सुटत असतील, तर इथे काहीच दिसणार नाही. अशा वेळी व्ह्यू मेनूतून ‘शो ॲनॅलिटिक अँड डीबग लॉग्ज’ चालू करा आणि त्याच फोल्डरमधला ‘ट्रेस’ लॉग मिनिटभर एनेबल करा. ११ क्रमांकाच्या नोंदींमध्ये प्रत्येक प्रश्न आणि विचारणाऱ्याचा पीआयडी येतो. काम झाल्यावर ट्रेस आठवणीने बंद करा.

माझ्या बाबतीत पीआयडी लॅपटॉपसोबत आलेल्या एका युटिलिटीच्या सर्व्हिसचा निघाला. पंख्याचा वेग आणि कीबोर्डचे दिवे सांभाळायचं तिचं काम. पंखा कमी फिरावा म्हणून बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळेच पंखा फिरत होता, ही त्यातली गंमत. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन ती थांबवली आणि आकडा लगेच २-३ टक्क्यांवर आला. मग स्टार्टअप टाइप ‘मॅन्युअल’ केला. अनइन्स्टॉल करण्याआधी आवाज आणि उजेडाच्या फंक्शन कीज चालतात का ते तपासा. काही लॅपटॉपमध्ये त्या अशाच एखाद्या सर्व्हिसवर अवलंबून असतात.

‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’च बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. विंडोजची आणि इतर सॉफ्टवेअरची बरीच कामं या सर्व्हिसवर अवलंबून आहेत. तिची रिपॉझिटरी (माहितीचा साठा) रीसेट करणं हाही शेवटचा उपाय. पहिल्याच फटक्यात करायचा नाही.

टास्क मॅनेजरच्या यादीत सगळ्यात वर दुसरं नाव असेल तरी रीत हीच. ‘सिस्टिम’ खात असेल, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, सिस्टिमचे गुणधर्म उघडा आणि थ्रेड्स टॅबमध्ये कुठल्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव येतं ते पाहा. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ हा खरा प्रोग्रॅमच नाही, हार्डवेअरच्या हाकांचा हिशोब आहे. तो एरवी एका टक्क्याच्या आत असतो. सतत ५-१० टक्के दिसला, तर यूएसबीची उपकरणं एकेक करून काढून पाहा. आणि वापर शंभर टक्के पण परफॉर्मन्स टॅबमधला वेग बेस स्पीडच्या (प्रोसेसरच्या नेहमीच्या वेगाच्या) खूप खाली, समजा २.४ ऐवजी ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला असेल, तर प्रोग्रॅमच्या मागे लागू नका. चार्जर ओळखला जातोय का आणि पंख्याच्या जाळीत धूळ आहे का ते आधी बघा.

युटिलिटीचं नवं अपडेट आलं की तिची सर्व्हिस पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ होऊ शकते. अपडेटनंतर स्टार्टअप टाइप एकदा डोळ्याखालून घाला.