आत्याच्या देवघरातला समुद्र

मे महिन्याच्या शेवटी रत्नागिरीला उतरले. आत्याचं गाव पावसच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या उतारावर आहे. या खेपेला जीवाश्म बघायला आले आहे असं सांगितल्यावर ती म्हणाली, "या कातळात काय सापडायचं गो? इथे गवतसुद्धा चार महिनेच टिकतं."

तिचं बोलणं बरंचसं खरं होतं. कोकणात जीवाश्म दुर्मीळ आहेत, आणि ते का दुर्मीळ आहेत हे समजलं की जीवाश्म म्हणजे काय तेही उलगडतं. मेलेला जीव उघड्यावर राहिला तर कुजतो. तो लगेच गाळाखाली गाडला गेला, हवा तुटली, तर हाडं, शिंपले, लाकूड टिकण्याची थोडी शक्यता असते. मग गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं हळूहळू त्यात भरतात आणि आकार तसाच ठेवून दगड होतो. कधी मूळ वस्तू विरघळून जाते आणि नुसता ठसा उरतो. साधारण दहा हजार वर्षांहून जुने अवशेष असतील तरच जीवाश्म म्हणण्याची पद्धत आहे.

आमच्या पायाखाली मात्र असा गाळ फारसा नाही. खाली लाव्हारसाचा काळा दगड, त्यावर जांभा. हा जांभा त्याच काळ्या दगडातून, लाखो पावसाळ्यांनी धुऊन धुऊन झालेला. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. एवढ्या धुण्यात शिंपला नि हाड कुठलं उरायला? शेजारचा मुलगा चिरेखाणीतून एक नळीसारखा तुकडा घेऊन आला, "हे हाड ना?" म्हणून. जांभ्यात अशा नळ्या, भोकं पडतातच. नाही म्हणताना मला वाईट वाटलं, पण त्याने शोधलं होतं याचा आनंद जास्त होता.

कोकणपट्टीच्या उत्तरेकडे, मुंबईत, मात्र एक नवल घडलं आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बराच काळ गेला, तेव्हा तिथे तळी साचली. वरळीच्या टेकडीत त्या तळ्यांचा गाळ सापडला आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे. १८४७मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर हा शब्द घडवणारे ते हेच. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत, आता जिथे इमारती आहेत तिथे बेडूक ओरडत होते. वरळीवरून गाडी जाते तेव्हा हे आठवून मला दर वेळी गलबलतं.

रात्री पडवीत आतोबांनी त्यांच्या वडिलांनी खणलेल्या विहिरीची गोष्ट सांगितली. चिरा संपल्यावर काळसर माती लागली, तिच्यात लाकडाचे कोळशासारखे तुकडे. सगळ्यांनी भुताचं काम म्हणून ती माती लांब नेऊन टाकली. रत्नागिरी परिसरात जांभ्याखाली चिकणमातीचे आणि लिग्नाइटचे, म्हणजे तपकिरी कोळशाचे थर आहेत हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेलं आहे. अशा मातीत अडकलेल्या परागकणांवरून जुन्या काळी कोणती झाडं होती, पाऊस किती पडायचा, हे वाचता येतं. ती टाकलेली माती मला हवी होती. आतोबांना जागासुद्धा आठवत नव्हती. कुणाच्या विहिरीत असं काही निघालं, तर आधी फोटो काढा आणि किती हातांवर निघालं ते लिहून ठेवा. खोली कळली नाही तर तुकड्याची निम्मी गोष्ट हरवते.

जीवाश्म वाचायची हीच विद्या समुद्रात तेल शोधायलाही लागते. १९७४मध्ये अरबी समुद्रातल्या मुंबई हायला तेल लागलं. तळाच्या खडकातले फोरामिनिफेरा नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव पाहून भूवैज्ञानिक थराचं वय ठरवतात, नाहीतर छिद्र कुठपर्यंत घ्यायचं हे कळणार कसं?

आणि मग सकाळी आत्याची पूजा. ताम्हनात शाळिग्राम होता, माझ्या पणजोबांनी आणलेला. लहानपणापासून पाहिलेला काळा गुळगुळीत गोटा. एका बाजूला त्याला फट आहे, आत वळ्यांवळ्यांचं चक्र. ते चक्र म्हणजे अमोनाईटचं कवच. बाजारात माकुल मिळते, तिचा दूरचा भाऊबंद. शाळिग्राम नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतात. त्यातले अमोनाईट बहुतेक जुरासिक काळातले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे टेथिस समुद्र होता. भारताचा भूखंड आशियाला भिडला आणि त्या समुद्राचा तळ हिमालयात चढला.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अमोनाईट पृथ्वीवरून संपले. त्याच सुमारास सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. म्हणजे ज्या दगडावर आत्याचं घर उभं आहे तो थिजत होता, तेव्हा देवघरातल्या या जिवाचं कूळ बुडत होतं. तिला हे सांगितलं. तिने शाळिग्राम पुसता पुसता हात थांबवला.

"म्हणजे हा दर्यातला?"

"हो आत्या."

"आणि आम्ही गोड्या पाण्याने न्हाऊ घालतो इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि तुळशीचं पान त्या फटीच्या अगदी शेजारी, चक्र झाकणार नाही असं ठेवलं.