लाल अकीक घेताना आधी भोक बघा

माळा ओवणं हे माझं काम. मोती, पोवळं, स्फटिक, रुद्राक्ष सगळं हाताखालून जातं, पण गिऱ्हाइकांच्या मनात सगळ्यात जास्त शंका असते ती लाल अकिकाबद्दल, म्हणजे कार्नेलियन या दगडाबद्दल. परवा एक काकू सुनेसाठी घेतलेली लड घेऊन आल्या. ८ मिलिमीटरचे गोल मणी, १६ इंची लड, म्हणजे साधारण ५० नग. सगळे अगदी एकाच रंगाचे, आणि त्या लालात राणी रंगाची झाक. "दुकानदार नॅचरल म्हणाला, पण मला काही पटेना. तू बघ बाई."

मी लड गॅलरीत नेली, टोकाचा एक मणी सुटा केला आणि त्याच्या भोकाशी भिंग धरलं. भोकाच्या काठाला गडद कडं होतं. तिथून निघालेल्या बारीक चिरेत रंग साचून जवळजवळ काळा दिसत होता. नेलपेंट रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून मणी चोळला, तर कापूस गुलाबी. काकूंनी तो कापूस उलटसुलट करून पाहिला आणि लड पिशवीत टाकली. "उद्याच परत करते."

अकिकाचा लाल रंग हा लोहाचा रंग असतो. तो नारिंगीकडे झुकेल, विटकरीकडे झुकेल, फार तर डाळिंबी होईल. राणी किंवा जांभळट कधी होत नाही. त्यामुळे लालात गुलाबी झाक दिसली की मी तिथेच थांबते. बाकीच्या परीक्षा नंतर.

"पण ताई, भट्टीत भाजून लाल करतात म्हणे, मग तोही खोटाच ना?" हे मी सारखं ऐकते, आणि दर वेळी ठामपणे सांगते की नाही. भाजलेला अकीक खरा अकीक आहे. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून निघतो तेव्हा हा दगड पिवळट, मातकट, तपकिरी असतो. खंबायतचे कारागीर तो आधी कित्येक दिवस उन्हात वाळवतात आणि मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या पिवळ्या लोहसंयुगातलं पाणी उडून जातं आणि लाल लोहसंयुग उरतं. रंग बाहेरून आलेला नसतो, आतला उघडा होतो, आणि तो उन्हानं, घामानं, साबणानं जात नाही. ही पद्धत आजची नव्हे. लोथलच्या उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखानाच सापडला. इराकमधल्या उर इथल्या राजघराण्याच्या कबरींत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू खोऱ्यातले लाल लांबट मणी मिळाले आहेत. ते आजही लाल आहेत. भाजणं म्हणजे फसवणूक असेल तर ते सगळे मणी खोटे ठरवावे लागतील.

आणि हा व्यापार आपल्यालाही परका नाही. रतनपूरचे दगड मुळात दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार झालेले. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पट्टेदार दगड गाड्यांवर लादून भरूचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातले प्राचीन मणी पाहिले आहेत का? नसतील तर नक्की जा.

आता खरेदी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलाही लाल दगड सुंदर दिसतो. लड हातात घ्या आणि सरळ दारात या. ढगाळ असलं तरी चालेल, दिवसाचा उजेड हवा. आधी मण्यांवर पडलेला उजेड बघायचा, मग लड डोळ्यांसमोर धरून मण्यांतून येणारा. चांगल्या प्रतीच्या लाल अकिकात उजेड आत शिरतो आणि रंग ढगासारखा पसरलेला दिसतो, कुठे दाट, कुठे विरळ. उजेड अजिबात शिरत नसेल तर तो बहुधा जास्पर. जास्परही खरा दगड आहे, सुंदरही असतो, पण अकिकाच्या भावानं घेऊ नका. आत बारीक गोल बुडबुडे किंवा पाकासारखी भोवरेदार रेघ दिसली तर ती काच. वजनावरून काच ओळखू येत नाही, दोन्हींचं वजन जवळपास सारखंच भरतं. प्लास्टिक मात्र हातात घेताच कळतं, हलकं आणि लगेच कोमट होणारं.

पन्नासच्या पन्नास मणी एकसारखे लाल असतील तर मी साशंक होते. खऱ्या लडीत कारागिरानं कितीही निवडून मणी लावले तरी एक-दोन जरा फिके निघतातच. रंगवलेल्या पट्टेदार दगडात आणखी एक खूण असते. या दगडाचे थर सारखे सच्छिद्र नसतात, त्यामुळे काही थर रंग पितात आणि शेजारचे पांढरे राहतात. मग लाल आणि पांढऱ्याची सीमा सुरीनं कापल्यासारखी कडक दिसते. एवढ्यावरून निकाल देऊ नका, निसर्गातही कडक पट्टे असतात. पण भोकाकडे जा. तडे पाडून त्यांत रंग भरलेले मणी तर 'फायर अगेट' (अगेट म्हणजे अकीकच) म्हणून सर्रास विकले जातात. खरा फायर अगेट मेक्सिको आणि अॅरिझोनाकडचा, आणि त्याची झळाळी इंद्रधनुषी असते, तिचा या तड्यांशी काही संबंध नाही.

भोकावर माझा सगळ्यात जास्त भरवसा, कारण पॉलिश तिथे पोचत नाही. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. भोकाच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा खूप गडद असेल तर रंग दिलेला. भोकाचा काठ पांढरा, टवके उडालेला असेल तर तो मणी माझ्या रेशमाचा वैरी. असा काठ दोरा रोज थोडा थोडा कापतो आणि एक दिवस भर कार्यक्रमात माळ तुटते. भोक दोन्ही बाजूंनी पाडतात, ते मध्ये नीट जुळलेलं असावं. सुई अडखळत असेल तर आत पायरी राहिली आहे. मग लड दोन टोकांना धरून फिरवा. भोक मधोमध असलेले मणी जागच्या जागी फिरतात, नाहीतर लड डुलते.

पॉलिशसाठी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. मण्यावर ती रेघ अखंड, काठ सरळ दिसली पाहिजे. थरथरलेली, तुटलेली दिसली तर घासकाम घाईचं आहे. मणी चिकट किंवा संशयास्पद ओलसर चमकत असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, तेलानं रंग गडद करून ठेवलेला असू शकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रिमूव्हरच्या कापसानं फक्त वरवरचा, हलका रंग पकडला जातो. राखाडी अकीक लोहक्षारांच्या द्रावणात मुरवून भाजला, तर येणारा लाल पक्का असतो आणि घरच्या कुठल्याही चाचणीत तो उघड होत नाही. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून ही विद्या फार पुढे नेली. म्हणून महागाची लड असेल तर बिलावर 'नैसर्गिक', 'भाजलेला' की 'रंगवलेला' हे लिहून मागा. चांगला व्यापारी लिहून देतो. 'यमनी आहे', म्हणजे येमेनचा, असं म्हणून भाव दुप्पट सांगितला तर त्याचंही बिल मागा, डोळ्यांनी दगडाचं गाव ओळखता येत नाही.

भावाची घासाघीस करताना मला खंबायतच आठवतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकदार सळईवर दगड टेकवून, म्हशीच्या शिंगाच्या हातोड्यानं टवके काढत आकार देणारे कारागीर मी तिथे पाहिले. दगड घासताना उडणारी धूळ गारगोटीची असते, ती फुफ्फुसांत बसते, आणि सिलिकोसिसनं तिथल्या कित्येक घरांतली कर्ती माणसं अकाली गेली आहेत. हातानं घडवलेल्या, नीट भोक पाडलेल्या लडीसाठी दुकानदार दोन पैसे जास्त मागतो तेव्हा मी ओढाताण करत नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही करू देत नाही.

हात आखडता असेल तर रंगवलेली 'लालभडक' लड घेण्यापेक्षा ४ किंवा ६ मिलिमीटरची, जरा पट्टेदार, नारिंगीकडे झुकणारी भाजलेली लड घ्या. ती स्वस्त मिळते. मण्यामण्यांत गाठ मारून ओवली, मध्ये दोन-चार सोन्याचे मणी घातले, तर काठाच्या साडीवर फार सुरेख दिसते. फक्त ती मोत्यांच्या डब्यात ठेवू नका, अकिकानं मोत्यांवर ओरखडे पडतात.